बॅक्टेरियाला स्वतःचा मध्य कसा सापडतो?

मृदगंध (धागाकर्ती)

मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. बॅक्टेरिया लांब होतो, मधोमध चिमटला जातो आणि एकाचे दोन होतात, हे इतकी वर्षं फळ्यावर एक चित्र काढून दोन मिनिटांत उरकत आले. परवा एका मुलीने विचारलं, मॅडम त्याला मधोमध म्हणजे कुठे हे कळतं कसं? मी उद्या सांगते म्हणाले आणि घरी येऊन वाचायला बसले ते चार दिवस त्यातच आहे. कारण खरंच बघा, ई. कोलाय (आतड्यात राहणारा बॅक्टेरिया) दोन ते चार मायक्रॉन लांब, आत सगळं पाण्यात तरंगतंय, रेणू इकडून तिकडे धडकतायत, आणि तरी तो जिथे तुटतो ती जागा मध्यापासून त्याच्या लांबीच्या जेमतेम काही टक्केच इकडे-तिकडे होते. भरपूर अन्न मिळालं तर दर वीस मिनिटांनी हेच.

जे कळलं ते इथे लिहिते, चुकलं तर जाणकारांनी नक्की सांगा, मला ते परत वर्गात सांगायचंय.

आधी विभाजनाची सुरुवात कोण करतं ते. एफटीएस-झेड नावाचं प्रोटीन आहे. नावामागची गोष्ट अशी की ई. कोलायचे काही म्युटंट सापडले होते जे ३० अंशाला नीट विभागायचे पण ४२ अंशाला नेले की विभाजन बंद, बाकी सगळं चालू. वाढतायत, डीएनएच्या प्रती निघतायत, फक्त मधली भिंत पडत नाही, त्यामुळे लांबच लांब दोऱ्यासारखी पेशी. दोऱ्यासारखं होणं आणि तापमानाला नाजूक असणं, ह्या दोन गोष्टींच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं म्हणजे एफटीएस. अशी बरीच जीन्स निघाली आणि त्यांना ए, के, क्यू अशी अक्षरं मिळाली, त्यातलं झेड सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. १९९१ मध्ये बी आणि लुटकेनहाउस ह्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दाखवलं की हे प्रोटीन विभाजनाच्या जागी मेम्ब्रेनच्या (पेशीच्या पातळ आवरणाच्या) आतल्या अंगाला गोल कडं करून बसतं. ह्याला झेड-रिंग म्हणतात. मग बाकीची प्रोटीन्स त्या कड्यावर येऊन जमतात आणि तिथे नवी भिंत आत आत बांधली जाते.

आता गंमत (म्हणजे मला तरी हीच सगळ्यात भारी वाटली) अशी की एफटीएस-झेडला स्वतःला मध्य कळत नाही. ते कुठेही कडं करायला तयार असतं, अगदी टोकाशीसुद्धा. बाकीच्या ठिकाणी त्याला कोणीतरी करू देत नाही म्हणून ते मध्यात करतं. म्हणजे मध्य शोधणारं कोणी नाहीच, मध्य सोडून बाकी सगळीकडे मनाई आहे.

मनाई करणारी तीन प्रोटीन्स, मिन-सी, मिन-डी, मिन-ई. ह्यांचा पत्ता लागला तो एका बिघाडावरून. १९६७ मध्ये ॲडलर आणि सहकाऱ्यांनी असा ई. कोलाय वर्णन केला जो मधोमध विभागण्याऐवजी पुष्कळदा टोकाशी विभागायचा आणि त्यातून अगदी छोट्या गोल पेशी सुटायच्या ज्यांच्यात क्रोमोसोमच नाही. मिनीसेल. 'मिन' हे नाव तिथूनच. पुढे १९८९ मध्ये डी बोअर, क्रॉस्ली आणि रॉथफील्ड ह्यांनी तिन्ही जीन्स वेगवेगळी करून कोण काय करतं ते दाखवलं. मिन-सी एफटीएस-झेडला जुळू देत नाही, मिन-डी मिन-सीला मेम्ब्रेनवर धरून ठेवतो, आणि मिन-ई मध्यात कडं करून बसतो आणि ह्या दोघांना मध्यात येऊ देत नाही. त्यामुळे मध्य मोकळा राहतो आणि तिथे झेड-रिंग होते.

एवढं समजलं. पण मग माझं परत तिथेच अडलं की मिन-ईला मध्य कसा कळतो? प्रश्न एका प्रोटीनवरून दुसऱ्यावर ढकलला फक्त. कोणी सांगेल का?

निवांत

मस्त धागा. वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

क्षितिज७

मृदगंध ताई, छान लिहिलंय आणि शेवटचा प्रश्न अगदी नेमका विचारलात. उत्तर असं की मिन-ई मध्यात बसत नाही. तुम्ही लिहिलंय ते चित्र १९९७ पर्यंतचं आहे, आणि ते चुकीच्या निरीक्षणातून आलेलं नव्हतं, तेव्हा खरोखरच फोटोत मिन-ईचं कडं मध्याच्या आसपास दिसलं होतं. अनेक पुस्तकांत अजून तेच चित्र आहे म्हणून मुद्दाम लिहितो.

१९९९ मध्ये रास्किन आणि डी बोअर ह्यांनी मिन-डीला जीएफपी जोडलं (हिरवं चमकणारं प्रोटीन) आणि एक फोटो काढून न थांबता एकाच जिवंत पेशीचे काही सेकंदांच्या अंतराने फोटो घेत गेले. तेव्हा दिसलं की मिन-डी एका टोकाला जमा होतंय, मग तिथून नाहीसं होऊन दुसऱ्या टोकाला जमा होतंय, मग परत पहिल्या. एक फेरी साधारण एका मिनिटाच्या आसपास, तापमान वाढवलं की जलद. पेशीच्या एका पिढीत असे कितीतरी हेलपाटे. मिन-सी त्याच्याबरोबर फिरतं. आणि ते मिन-ईचं कडं म्हणजे मिन-डीच्या थराची कड आहे, ती थराबरोबर टोकाकडे सरकत जाते. फोटो एकच काढला तर ती कधी मध्याजवळ दिसते, एवढंच.

आता पूर्ण फेरीची सरासरी काढा. दोन्ही टोकांना मिन-सी पुष्कळ वेळ असतं, मध्यात सगळ्यात कमी. एफटीएस-झेडला कडं जमवायला एका फेरीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, त्यामुळे त्याला ती सरासरीच भोवते. मध्य म्हणजे जिथे मनाई सरासरीने सगळ्यात कमी ती जागा.

मृदगंध

बाप रे. म्हणजे मी आत्ता वर लिहिलेलं वर्गातही तसंच सांगून बसले असते. धन्यवाद क्षितिज. वरचा मजकूर बदलत नाही, तसाच राहू देते म्हणजे पुढे वाचणाऱ्याला कुठे चूक होती ते कळेल.

मग हे लंबकासारखं म्हणता येईल का मुलांना? लंबकही दोन्ही टोकांना जास्त वेळ रेंगाळतो आणि मधून सुटकन जातो.

अनुनाद

भौतिकशास्त्रवाला आहे म्हणून तोंड घालतो. लंबक सांगू नका, मुलं ती प्रतिमा घट्ट धरतील आणि पुढे फसतील. लंबकात एकच वस्तू मधून जाते आणि तिला मागे ओढणारं बल असतं. इथे कोणीही कोणाला ओढत नाही, थर एका टोकाला मोडतो आणि दुसऱ्या टोकाला नव्याने तयार होतो. मध्ये रेणू नुसते पाण्यात पसरत जातात, वाट्टेल तिकडे.

नेमकं काय होतं ते सावकाश लिहितो. मिन-डीला एटीपी (पेशीचं इंधन) चिकटलं की त्याच्या दोन-दोन रेणूंची जोडी बनते आणि ती मेम्ब्रेनला चिकटते. आधी चिकटलेल्यांच्या शेजारी नवे चिकटणं सोपं जातं, त्यामुळे एकदा सुरुवात झाली की तिथेच थर वाढत जातो. मिन-ई येऊन मिन-डीला धरतं आणि त्याच्याकडचं एटीपी फोडायला लावतं, की जोडी सुटली, मिन-डी मेम्ब्रेनवरून खाली. पण सुटलेलं मिन-डी लगेच परत चिकटू शकत नाही, त्याला आधी एडीपी (वापरून झालेलं एटीपी) सोडून नवं एटीपी घ्यावं लागतं, त्याला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ते पाण्यातून बरंच लांब गेलेलं असतं. जुन्या टोकाला अजून मिन-ईची गर्दी आहे, म्हणून तिथे ते टिकत नाही. दुसऱ्या टोकाला मिन-ई कमी आहे, म्हणून तिथे थर जमतो. मग मिन-ई तिकडे पोचतं आणि परत तेच.

म्हणजे ह्याला लागतं काय, तर स्वतःला वाढवणारी एक गोष्ट, तिच्या मागोमाग येऊन तिला मोडणारी दुसरी गोष्ट, आणि दोघींच्या पसरण्याच्या वेगातला फरक (मेम्ब्रेनवर हळू, पाण्यात जलद). १९५२ मध्ये ॲलन ट्युरिंगने नेमकं हेच गणिताने मांडलं होतं, की रासायनिक क्रिया आणि पसरणं एवढ्या दोनच गोष्टींतून एकसारख्या मिश्रणात आपोआप नक्षी उमटू शकते. प्रत्यक्ष जिवंत वस्तूत ह्याचं इतकं स्वच्छ उदाहरण फार क्वचित मिळतं. मला ह्या विषयाने खेचलं ते ह्याचमुळे.

ओंजळ

अनुनाद, प्रतिसाद आवडला पण एक शंका. मॉडेल जुळतंय म्हणजे पेशीत तसंच घडतंय असं कसं म्हणायचं? पेशीत हजारो प्रोटीन्स आहेत, दुसरंच कोणीतरी ही ये-जा घडवून आणत असेल आणि मिन-डी फक्त दिसत असेल.

अनुनाद

रास्त शंका. म्हणूनच २००८ चा प्रयोग महत्त्वाचा. पेट्रा श्विले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी बाजूलाच ठेवली. काचेवर सपाट कृत्रिम मेम्ब्रेन पसरलं, त्यावर शुद्ध केलेलं मिन-डी, मिन-ई आणि एटीपी असलेलं पाणी, बस. थोड्या वेळात मेम्ब्रेनवर लाटा धावायला लागल्या, सरळ लाटा, फिरक्या. एटीपी नसेल तर लाटा नाहीत. मिन-ई नसेल तर मिन-डी नुसतं सगळीकडे चिकटून बसतं. म्हणजे दोन प्रोटीन्स, मेम्ब्रेन आणि इंधन एवढं पुरेसं आहे, तिसरं कोणी लागत नाही. त्या लाटांची लांबी मात्र पेशीतल्यापेक्षा साधारण दहापट मोठी निघाली, त्यामुळे पेशीत आकडे वेगळे का ह्यावर पुढे बराच ऊहापोह झाला. नंतर पेशीच्या आकाराचे छोटे छोटे खळगे करून त्यात हेच मिश्रण भरलं, तर लाटांऐवजी टोकाकडून टोकाकडे ये-जा सुरू झाली.

ओंजळ

हे पटलं. धन्यवाद.

रात्रपाळी

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तुमचं एवढं गणित मला झेपणार नाही पण दोऱ्यासारखे बॅक्टेरिया मी खूपदा बघितलेत. लघवीचं सॅम्पल येतं, पेशंटला आधीच अँटिबायोटिक सुरू केलेलं असतं, स्लाइड बघावी तर नेहमीच्या आखूड काड्यांच्या मधे एखादी लांबलचक नागमोडी. सुरुवातीला मला ती बुरशी वाटायची, मग सिनियरांनी सांगितलं की हा ई. कोलायच आहे, औषधामुळे तुटत नाहीये. ते ह्याच विषयातलं का?

क्षितिज७

हो ताई, अगदी ह्यातलंच, आणि त्यात दोन वेगवेगळे रस्ते आहेत.

सेफॅलेक्सिन, ॲझ्ट्रिओनाम ही औषधं मुख्यतः पीबीपी-३ ह्या प्रोटीनला अडवतात. ते विभाजनाच्या जागी नवी भिंत बांधणारं प्रोटीन. म्हणजे झेड-रिंग बरोब्बर ठरल्या जागी तयार असते, पण पुढचं बांधकाम होत नाही, पेशी लांब होत जाते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं डीएनएला इजा करतात, मग पेशीची संकटकाळची यंत्रणा जागी होते आणि सुल-ए नावाचं प्रोटीन बनतं, ते सरळ एफटीएस-झेडला धरून ठेवतं आणि कडंच होऊ देत नाही. डीएनए दुरुस्त होईपर्यंत विभाजन थांबवलेलं, कारण तुटक्या डीएनएनिशी दोन पेशी करण्यात अर्थ नाही. दुरुस्ती झाली की सुल-ए मोडून टाकलं जातं आणि तो लांब दोरा परत तुकड्यांत विभागायला लागतो. मायक्रोस्कोपखाली दोन्ही दोरे सारखेच दिसतात पण आत गोष्ट वेगळी आहे.

आणि ह्या लांब पेशींमुळे वरच्या चर्चेतली एक गोष्ट पक्की झाली. त्यांच्यात मिन-डी नुसतं दोन टोकांना जात नाही, ठरावीक अंतरावर अनेक पट्टे उमटतात आणि ते एकाआड एक पेटतात-विझतात. टोक ओळखून तिथे जाणारं काही असतं तर असं झालं नसतं.

रात्रपाळी

आता ती स्लाइड दिसली की मला वेगळीच दिसणार. खूप धन्यवाद, इतकी वर्षं फक्त रिपोर्टमध्ये नोंद करत होते.

पानगळ

सगळं वाचलं, पण तुम्ही सगळे मिनच्याच मागे लागलात. डीएनएचं काय? पेशी कापताना मधे क्रोमोसोम असेल तर? मला वाटतं मध्य ठरण्याचं मूळ कारण क्रोमोसोमच आहे. दोन प्रती तयार होतात, दोन बाजूंना जातात, मधली जागा रिकामी होते, तिथे भिंत पडते. १९६३ मध्ये जेकब, ब्रेनर आणि क्युझँ ह्यांनी मांडलंच होतं की डीएनए मेम्ब्रेनला बांधलेला असतो आणि मधलं मेम्ब्रेन वाढल्याने दोन प्रती लांब जातात. सोपं आणि सुटसुटीत. ही ये-जा वगैरे वरची सजावट असू शकते.

क्षितिज७

पानगळ, अर्धं बरोबर आहे. क्रोमोसोमच्या डोक्यावर झेड-रिंग सहसा होत नाही हे खरं, त्याला न्यूक्लिऑइड ऑक्लूजन म्हणतात, आणि त्याची प्रोटीन्सही सापडलीत. बॅसिलस सबटिलिस ह्या मातीतल्या बॅक्टेरियात नॉक (२००४, वू आणि एरिंग्टन), ई. कोलायमध्ये एसएलएम-ए (२००५, बर्नहार्ट आणि डी बोअर). दोन्ही डीएनएच्या विशिष्ट जागांना चिकटतात आणि आजूबाजूला कडं होऊ देत नाहीत. त्यातही बारकावा बघा, त्यांच्या चिकटायच्या जागा क्रोमोसोमवर सगळीकडे आहेत पण जिथे प्रत काढणं संपतं त्या भागात जवळजवळ नाहीत. म्हणजे प्रत पूर्ण होत आली, शेवटचा भाग मध्यात उरला, की मनाई आपोआप उठते. हे मला अतिशय सुंदर वाटतं.

पण क्रोमोसोम हेच मूळ कारण म्हणाल तर नाही. क्रोमोसोम नसलेल्या पूर्ण लांबीच्या पेशी मिळवता येतात, आणि १९९८ मध्ये मार्गोलिन ह्यांच्या गटाने दाखवलं की त्यांच्यातही झेड-रिंग मध्यावर होऊ शकते. डीएनएच नाही तरी मध्य सापडतोय. आणि ये-जा सजावट असती तर मिन काढून टाकल्यावर मिनीसेल झाले नसते.

पानगळ

डीएनए नसलेल्या पेशींचं माहीत नव्हतं. मग माझं म्हणणं मागे घेतो. पण दोन्ही काढले तर? मिन पण नाही आणि एसएलएम-ए पण नाही?

क्षितिज७

तर भरपूर अन्न असलेल्या माध्यमात ई. कोलाय विभागूच शकत नाही. आणि कारण कडं होत नाही हे नाही, कडी फार ठिकाणी होतात, अर्धवट, आणि एफटीएस-झेड इतक्या जागी वाटलं जातं की एकही पूर्ण होत नाही. एफटीएस-झेडचा पुरवठा जास्त केला तर त्या पेशी परत विभागायला लागतात. साध्या, गरीब माध्यमात सावकाश वाढू दिलं तरी जगतात.

आणि इथे मृदगंध ताईंच्या पहिल्या पोस्टमधल्या "मध्य शोधणारं कोणी नाहीच" ह्या वाक्यालाही थोडी हरकत घ्यावी लागेल. दोन्ही मनाया काढल्यावरसुद्धा जी कडी होतात त्यांचा कल क्रोमोसोमच्या त्या शेवटच्या भागाकडे असतो, कारण तिथे मॅट-पी नावाचं प्रोटीन बसलेलं असतं आणि ते झॅप-बी, झॅप-ए ह्यांच्यामार्फत झेड-रिंगशी जोडलं जातं. ही मनाई नाही, हे बोलावणं आहे.

मृदगंध

हरकत मान्य. आणि बॅसिलसमध्ये तर हे आणखी ठळक आहे असं मी काल वाचलं, तिथे मिन आणि नॉक दोन्ही काढले तरी झेड-रिंग मध्यावर नेमकी पडू शकते असं २०१२ मध्ये दाखवलंय. म्हणजे माझं "बाकी सगळीकडे मनाई" हे वाक्य ई. कोलायपुरतं बरंचसं खरं, सगळ्यांसाठी नाही.

बॅसिलसची अजून एक गोष्ट. तिथे मिन-ई नाहीच. ये-जाही नाही. तिथे डिव्ह-फोर-ए (रोमन आकड्यातला चार) नावाचं प्रोटीन आहे ते मेम्ब्रेन जिथे आतून खोलगट वळतं तिथे जाऊन बसतं. पेशीची टोकं तशी वळलेली, आणि नुकती भिंत पडायला लागली की तिच्या दोन्ही अंगांना तो कोपरा आणखी तीव्र. म्हणून ते तिकडे जमतं, मिन-जे मार्फत मिन-सी आणि मिन-डीला तिथे आणतं. त्यामुळे आता असं समजतात की बॅसिलसमध्ये मिनचं मुख्य काम मध्य शोधणं नाही, तर आत्ताच जिथे भिंत पडली तिला लागूनच लगेच दुसरी पडू नये हे बघणं.

सायली_बीएससी

मॅडम नमस्कार, मीच ती प्रश्न विचारणारी 🙂 तुम्ही धाग्याची लिंक दिलीत म्हणून अकाउंट काढलं. सगळं वाचलं, काही डोक्यावरून गेलं पण परत वाचणार आहे. माझा प्रश्न असा की बॅसिलस स्पोर (वाईट काळात टिकून राहणारी सुप्त पेशी) करतो तेव्हा भिंत टोकाजवळ पडते ना? मग तेव्हा हे मिन कुठे जातं?

मृदगंध

सायली, ये, बरं झालं आलीस.

हो, उपासमार झाली की बॅसिलस मुद्दाम एका टोकाजवळ भिंत घालतो, छोटा कप्पा स्पोर होतो आणि मोठा कप्पा त्याला वाढवून शेवटी स्वतः फुटतो. मिन कुठे जात नाही, ते असतंच, पण तेव्हा एफटीएस-झेड जास्त बनवलं जातं आणि स्पो-टू-ई नावाचं एक प्रोटीन तयार होतं, ह्या दोन्हीमुळे मध्यातलं कडं सर्पिलासारखं उलगडत दोन्ही टोकांकडे सरकतं. दोन्ही टोकांजवळ कडी होतात आणि भिंत त्यातल्या एकातच पूर्ण होते. आणि गंमत म्हणजे भिंत पडते तेव्हा क्रोमोसोमचा साधारण एक तृतीयांश भागच छोट्या कप्प्यात असतो, उरलेला दोन तृतीयांश स्पो-थ्री-ई नावाचा पंप भिंतीतून आत ओढून घेतो. म्हणजे क्रोमोसोमवर भिंत घालायची नाही हा नियम इथे मुद्दाम मोडलाय, आणि मोडल्यावर निस्तरायची सोयही केलीय.

अनुनाद

ही ये-जा किती अंगभूत आहे ते बघायला नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने ई. कोलायला औषधं देऊन साच्यात वाढवून चौकोनी, आयताकृती, त्रिकोणी केलं (२०१५). आयतात मिन-डी लांबीच्या दिशेने जातं. बाजू बदलत गेलं की दिशाही बदलते, काही मापांत रुंदीतही जायला लागतं. कुणी शिकवलेलं नाही, नुसत्या आकारावरून ठरतंय. त्याआधी गोल झालेल्या ई. कोलायमध्येही बघितलं होतं की जो व्यास किंचित लांब असेल त्या दिशेने ये-जा होते. इतका बारीक फरक!

ओंजळ

मग माझी अजून एक शंका. ई. कोलाय एवढं एटीपी दर मिनिटाला का जाळतो? बॅसिलससारखं टोकाला चिकटवून ठेवायचं ना.

अनुनाद

पेशीच्या एकूण खर्चात हा खर्च अगदी किरकोळ आहे, भिंत आणि प्रोटीन बनवण्यापुढे तर काहीच नाही. बदल्यात मिळतं काय तर पेशी दोन मायक्रॉनची चार मायक्रॉन होत असताना मध्य सतत नव्याने काढला जातो, कुठलीही खूण जपून ठेवावी लागत नाही. आणि भिंत पूर्ण व्हायच्या आधीच एका लांब ये-जाच्या दोन आखूड ये-जा होतात, त्यामुळे दोन्ही मुलींच्या (म्हणजे नव्या पेशींच्या) वाट्याला मिन बऱ्यापैकी सारखं येतं.

क्षितिज७

खूण जपून ठेवणारेही आहेत. न्यूमोनियाचा स्ट्रेप्टोकॉकस. त्याच्यात मिन नाही, नॉक नाही. मॅप-झेड नावाचं प्रोटीन (२०१४) पेशीच्या मध्यावर भिंतीला धरून असतं. पेशी वाढते ती मध्यातूनच, नवी भिंत मधे भरत जाते, तसं मॅप-झेडच्या एका कड्याची दोन होऊन एकमेकांपासून लांब जातात, आणि ती जिथे पोचतात ते होणाऱ्या दोन मुलींचे मध्य असतात. म्हणजे मुलगी जन्मायच्या आधीच तिचा मध्य आखलेला.

कॉलोबॅक्टर हा बॅक्टेरिया आणखी वेगळा, तिथे मिप-झेड (२००६, थानबिक्लर आणि शपिरो) क्रोमोसोमच्या त्या भागाशी जमतं जे पेशीच्या दोन्ही टोकांना बांधलेलं असतं, आणि तिथून मध्याकडे विरळ होत जातं. ये-जा नाही, नुसता उतार. जिथे सगळ्यात विरळ तिथे झेड-रिंग. तो मध्यही बरोबर अर्ध्यावर नसतो, कारण तिथल्या दोन मुली मुळातच सारख्या नसतात, एक देठवाली आणि एक पोहणारी.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसला तर टोकच नाही, गोल पेशी. त्याच्याकडे मिन नाही पण नॉक आहे, आणि तो एकानंतर एक वेगवेगळ्या दिशांना विभागत जातो, म्हणून त्याचा घोस दिसतो, साखळी नाही.

रात्रपाळी

ग्रॅम स्टेनमध्ये (बॅक्टेरिया रंगवून बघायची पद्धत) घोस आणि साखळी बघून आम्ही पहिला अंदाज बांधतो. म्हणजे आम्ही विभाजनाची दिशाच वाचत असतो तर!

निवांत

हे सगळं वाचून एकच विचारतो, मग कापतं ते कडं आवळून का? दोरीने पिशवीचं तोंड आवळावं तसं?

अनुनाद

बरीच वर्षं तसंच समजत होते, आणि कृत्रिम पुटिकांमध्ये (मेम्ब्रेनच्या छोट्या पिशव्यांमध्ये) एफटीएस-झेड थोडं आवळतं हे दिसलंयही. पण २०१७ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की कडं हे अखंड कडं नाहीच, छोटे छोटे तंतू आहेत, एका टोकाला वाढणारे आणि दुसऱ्या टोकाला झडणारे, त्यामुळे ते परिघावरून पुढे पुढे सरकल्यासारखे दिसतात, सेकंदाला साधारण ३० नॅनोमीटर. भिंत बांधणारी प्रोटीन्स त्यांच्यामागून फिरतात आणि सगळीकडे सारखा थर देतात. त्यामुळे आत ढकलण्याचं मुख्य काम भिंतीच्या बांधकामाचं, कडं ते कुठे चालायचं हे ठरवतं, असा कल आता जास्त आहे. बॅसिलसमध्ये तंतू जलद फिरवले तर विभाजनही जलद होतं. ई. कोलायमध्ये तसं झालं नाही.

सायली_बीएससी

अजून एक विचारू का? मिनीसेलमध्ये क्रोमोसोम नसतो मग ती लगेच मरते का?

मृदगंध

लगेच नाही. क्रोमोसोम नसला तरी रायबोसोम, एन्झाइम्स, मेम्ब्रेन सगळं वाट्याला आलेलं असतं, त्यामुळे ऊर्जा बनवणं काही काळ चालू राहतं. वाढ आणि विभाजन मात्र नाही. आणि मूळ पेशीत प्लाझ्मिड (क्रोमोसोमपासून वेगळा डीएनएचा छोटा तुकडा) असेल तर ते मिनीसेलमध्ये जाऊ शकतं, मग ती पेशी फक्त त्या प्लाझ्मिडवरची प्रोटीन्स बनवत बसते. १९७० च्या दशकात ह्याचा फार उपयोग झाला, कुठल्या प्लाझ्मिडवरून कुठलं प्रोटीन निघतं हे ओळखायला, कारण क्रोमोसोमची गडबडच नाही.

क्षितिज, मला शेवटचं विचारायचंय. एफटीएस-झेड नसलेले बॅक्टेरिया आहेत का?

क्षितिज७

आहेत. क्लॅमिडिया. त्यांच्यात एफटीएस-झेडचं जीनच नाही. विभाजनाच्या जागी एमआरई-बी हे प्रोटीन वापरतात, जे एरवी दंडाकार बॅक्टेरियात पेशीचा आकार राखायचं काम करतं. आणि मधोमध विभागतही नाहीत, एका टोकाला फुगवटा येतो आणि तो वाढत जाऊन वेगळा होतो.

उलट दिशेने बघायचं तर वनस्पतींमधल्या हरितलवकांत (जे मुळात एकेकाळचे सायनोबॅक्टेरिया) एफटीएस-झेड अजून आहे, मिन-डी आणि मिन-ई पण आहेत, फक्त जीन्स आता वनस्पतीच्या केंद्रकात गेलीत. अरॅबिडॉप्सिस ह्या प्रयोगांतल्या छोट्या रोपात मिन-डी बिघडवलं की हरितलवक मधोमध न विभागता एक मोठा एक छोटा असे विभागतात.

सायली_बीएससी

म्हणजे पानात पण मिनीसेलसारखंच होतं! मॅडम, पुढच्या प्रॅक्टिकलला सेफॅलेक्सिन घालून ई. कोलाय बघता येईल का?

मृदगंध

बघू. कमी डोस, दोन तास, आणि शेजारी औषध न घातलेली स्लाइड. तयारी करते.